मुकाटची मुलाखत

ड्रायव्हरला सगळे ‘मुकाट’ म्हणत. अकरा वर्षं त्याने साहेबांची गाडी चालवली, पण मागच्या सीटवरचं बोलणं कधी या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. साहेब बडी असामी. गोदामातला माल निवडणारी, उचलणारी, बांधणारी यंत्रं त्यांची कंपनी बनवायची. तंत्रज्ञानाच्या धंद्यातल्या कोणाकोणाची मुलाखत वाचायला आवडेल, असं एका मासिकाने वाचकांना विचारून दहा जणांची यादी केली, त्यात साहेबांचं नाव चौथं आलं. तिसरं का नाही, म्हणून दोन दिवस ते धुसफुसत होते.

मुलाखत गोदामातच ठरली, सकाळी दहाला, यंत्रांसमोर. त्याच आठवड्यात त्या यंत्रांपायी चारशे माणसं कामावरून काढली गेली होती. ती सगळी फाटकावर जमली होती.

गाडी वळली आणि पहिला दगड टपावर आदळला. दुसऱ्याने आरसा उडवला. माणसं चहूबाजूंनी काचांवर बुक्के मारू लागली. गर्दीच्या रेट्याने एक बाई बॉनेटवर आपटली आणि गुडघ्यांवर पडली, थेट चाकापुढे.

“चालव,” साहेब म्हणाले.

“बाई आहे पुढं, साहेब.”

“चालव म्हणतोय ना! होतील आपोआप बाजूला.”

मुकाटचा पाय ब्रेकवरून हलला नाही. तेवढ्यात मागून स्टीलची पाण्याची बाटली त्याच्या जबड्यावर बसली. काडकन आवाज झाला. दुसरा घाव कानाखाली. तोंडात रक्त आणि दाताचे तुकडे. डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी त्याने इंजिन बंद करून किल्ली मुठीत आवळली.

मग समोरची काच फुटली. माल बांधायचं काम गेलेल्या एका धिप्पाड बांधणीवाल्याने हातातली सळई टाकली, मुकाटला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि लाथा घालायला सुरुवात केली. “साहेबाचा कुत्रा!” प्रत्येक शिवीला एक लाथ. तीन बरगड्या मोडल्या.

“अरे मेल्या, त्याने गाडी थांबवली म्हणून मी जिवंत आहे!” ती पडलेली बाई किंचाळत होती. ऐकतो कोण?

पोलिसांनी लाठ्या चालवून गर्दी पांगवली. साहेबांच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

इस्पितळात डॉक्टरांनी मुकाटचा जबडा तारांनी आवळून टाकला. नावाचा मुकाट आता खरोखरच मुका झाला. कंपनीचा प्रसिद्धी अधिकारी आला आणि गोष्ट तयार करूनच आला: जबडा सळईने फुटला, साहेबांनी जिवावर उदार होऊन ड्रायव्हरला वाचवलं. बांधणीवाल्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला.

“फासावर चढवा त्याला,” मुकाटची बायको म्हणाली.

श्वास घेतला की मुकाटच्या बरगड्यांतून कळ जायची, आणि दर कळेसरशी तो बांधणीवाला आठवायचा. सडू दे लेकाला, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण डोळा लागला की चाकापुढची ती बाई दिसायची, आणि मागून ‘चालव’ म्हणणारा आवाज ऐकू यायचा.

आठवड्याने मासिकाची पत्रकार बाई आली. साहेबांची मुलाखत घेऊन झाली होती. आता ड्रायव्हरची दोन कौतुकाची वाक्यं हवी होती. सोबत अधिकारी होताच.

“त्याला बोलता येत नाही. मीच सांगतो,” तो म्हणाला.

“लिहिता येतं ना?” बाईंनी वही पुढे केली. “सळई कुठून आली? डावीकडून की उजवीकडून?”

मुकाटने पेन हातात घेतलं. मग लिहिलं, ‘मागून.’

“मागे कोण होतं?”

अधिकाऱ्याने वहीवर झडप घातली. मुकाटने त्याचं मनगट पकडून असं पिरगळलं, की तो खाली वाकून ओरडायला लागला. दुसऱ्या हाताने मुकाटने वाकडंतिकडं लिहिलं, ‘साहेब. बाटली. बाई चाकापुढे होती. मी गाडी घातली नाही.’ आणि खाली आणखी एक ओळ: ‘बरगड्या मात्र त्यानेच मोडल्या.’

चाकापुढच्या बाईला शोधून पत्रकार बाईंनी तिलाही बोलतं केलं. यादीतल्या दहाही मोठ्या नावांच्या आधी, पहिल्या पानावर, मुकाटची मुलाखत छापून आली. त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. कोर्टात त्याने तार काढलेल्या जबड्याने अडखळत तेच सांगितलं. साहेबांच्या वकिलाने त्याला खोटारडा ठरवायचा आटापिटा केला, पण डॉक्टरांनी साक्ष दिली, की जबडा मोडला तो मागून बसलेल्या घावानेच. साहेबांना अटक झाली. बांधणीवाल्याला बरगड्यांपुरती आठ महिन्यांची शिक्षा झाली.

सुटला त्या दुपारी तो मुकाटच्या दारात येऊन उभा राहिला, खाली मान घालून. मुकाट उठायच्या आत बायको पुढे झाली आणि तिने बांधणीवाल्याच्या कानाखाली सणसणीत वाजवली.

“यांनी खरं सांगितलं ते यांचं यांना,” ती म्हणाली. “बरगड्यांपायी महिनाभर रात्री यांना उशीला टेकवून मी बसवत होते, मी!”

बांधणीवाल्याने गाल चोळला. “आणखी एक मारा, वहिनी.”

तिने मारली. मग दारातच बसून ती रडायला लागली, आणि ते दोन पुरुष काय करावं ते न कळून तिच्याकडे बघत उभे राहिले.