मोडनिंबची हवा

आधी नाकाने एक लांबलचक श्वास ओढायचा, तो छातीत जरा वेळ धरून ठेवायचा आणि सोडता सोडता म्हणायचं, "हवा नाही हो." नवी पेठेत आमच्या समोरच्या माडीवर जे कादंबरीकार राहत, त्यांना तुम्ही काहीही विचारलंत तरी उत्तर असं मिळे. सोलापुरात मुळी हवाच नाही, हे खरं मानलं तर आम्ही बाकीचे कशावर जगत होतो कोण जाणे. पण गिरण्यांच्या धुरानं त्यांना खोकला लागे हे खरं, आणि कादंबरी अडली की तो वाढे हेही तितकंच खरं.

कादंबरी अडली होती ती नायिकेपाशी. नवऱ्याचं घर सोडायला निघालेली ती बाई एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून उभी होती. मासिकात ते प्रकरण छापून आलं आणि पुढचं काही येईना. सगळी पेठ खोळंबली. खालचे कापडवाले शेटजी रोज माडीकडे तोंड करून विचारत, "काय राव, बाईंचा पाय अवघडला असंल की. आत तरी घ्या, न्हाईतर भाईर तरी काढा."

ती आत वळली, तर पेठेत सगळे खूश होणार होते. बाहेर पडली, तर ह्याच पेठेत ह्यांना मान खाली घालून हिंडावं लागणार होतं. कादंबरीकार शूर होते, पण कागदावर, आणि तिथेही उंबऱ्यापर्यंतच. मग ते श्वास ओढत आणि म्हणत, "हवापालट केल्याशिवाय हे प्रकरण व्हायचं नाही."

हवापालटाचं ठिकाण ठरलेलं होतं. पन्हाळ्याला त्यांचे एक नाटककार मित्र होते. त्यांना दमा. त्यांचं म्हणणं, गडावरचं धुकं छातीत बसतं, सोलापूरसारखी कोरडी हवा जगात नाही. दोघेही एकमेकांना स्वर्गात राहणारे समजत. तू इकडे ये, नाही तूच इकडे ये, असा त्यांचा पत्रांतून आग्रह चाले. एका वर्षी दोघांनीही एकमेकांचं ऐकलं, आणि निघाल्याचं कळवायला दोघेही विसरले.

कादंबरीकारांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, त्यांनी मला सोबत धाडलं होतं. कुर्डुवाडीला आम्ही गाडी बदलून मिरजेकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत बसलो. मोडनिंबला समोरची गाडी येईपर्यंत आमची थांबली. ती आली आणि तिच्या खिडकीत नाटककार. "अहो, तुम्ही इथं कुठं?" म्हणत हे खाली उतरले. "तुम्ही कुठं निघालात?" म्हणत ते खाली उतरले. मी हाताला लागलं ते फडकं घेऊन ह्यांच्यामागे धावलो. दोघांनी एकमेकांना मिठी मारली, आणि ती सुटेपर्यंत दोन्ही गाड्या सुटल्या होत्या. ह्यांची वळकटी मिरजेकडे गेली, त्यांची ट्रंक कुर्डुवाडीकडे. माझ्या हातातल्या फडक्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होती, एवढीच काय ती आमची इस्टेट.

गावातल्या एका म्हातारीनं आम्हांला ओसरी दिली. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी होती. ती आली आणि गेली. त्यानंतरच्याही काही आल्या आणि गेल्या. दोघे ओसरीवर बसून नुसते भांडत होते.

"ती बाहेर पडलीच पाहिजे," नाटककार म्हणत.

"जाईल कुठं बिचारी? तिचा नवरा आहे, घर आहे," कादंबरीकार म्हणत.

"नवऱ्याची एवढी काळजी असेल तर तुम्हीच जा त्याच्याकडे नांदायला."

म्हातारी भाकरी थापता थापता ऐकत होती. शेवटी पिठाच्या हातानंच बाहेर आली. "लगीन झालेली बाई हाय नव्हं ती? आन् तुमी दोगं केसं पिकल्यावर तिच्यावरनं भांडताय व्हय? लाज न्हाई वाटत?"

कादंबरीतली बाई म्हणजे काय, हे मी तिला परोपरीनं सांगितलं. तिला पटलं नाही. "ते मला नगं सांगू," म्हणाली.

गंमत अशी, की मोडनिंबच्या धुळीत दोघेही ठणठणीत झाले. ह्यांचा खोकला गेला, त्यांचा दमा बसला. प्रकरणाची मात्र एक ओळ झाली नाही. तेव्हापासून दरवर्षी हवापालट मोडनिंबलाच. पेठेत लोक हसत. वहिनी तेवढ्या हसत नसत. फडक्यात दोन भाकरी जास्त बांधत. मला वाटतं, कादंबरीकारांना ती बाई उंबऱ्यावरच हवी होती. ती हलली असती तर भांडण मिटलं असतं, आणि भांडण मिटल्यावर दोन म्हाताऱ्यांनी मोडनिंबला कशासाठी उतरायचं?

मग एका पावसाळ्यात पन्हाळ्याहून नाटककार गेल्याची तार आली. तार वाचून ह्यांनी श्वास ओढला, पण "हवा नाही" म्हणायचं त्यांना सुचलं नाही. मला फार वाईट वाटलं.

आता हवापालट संपला, असं मी धरून चाललो होतो. पण नेहमीच्या सुमारास ते म्हणाले, "चला." मोडनिंबला आम्ही उतरलो. समोरची गाडी आली. त्यांनी तिची एकेक खिडकी पाहिली आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर गावाकडे चालू लागले.

म्हातारीनं ओसरीवर घोंगडी टाकली. "दुसरं पावनं कुटं हायती?"

"यंदा नाही आले."

तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. तो समोर ठेवून म्हणाली, "आन् ती बाई?"

कादंबरीकार तांब्यातलं घोटभर पाणी प्याले.

"गेली," ते म्हणाले. "घराबाहेर पडली ती."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. "तुमा दोगांच्या तावडीतनं सुटली."

ते खो खो हसले, आणि हसता हसताच उपरण्यानं डोळे पुसू लागले. त्याच दुपारी, त्याच ओसरीवर, त्यांनी शेवटचं प्रकरण लिहून काढलं.

ते छापून आलं आणि व्हायचं ते झालं. शेटजींनी बोलणं टाकलं, देवळात लोक सरकून बसू लागले. एकदा मी विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही तिला आत घ्यायचं म्हणत होता ना?"

"म्हणत होतो," ते म्हणाले. "पण समोर भांडायला ते होते, म्हणून."