डब्यातले खुनी

मापारी मालेतल्या कादंबरीत खून कुणाचाही होवो, तो पहिल्या चार पानांत उरकलेला असतो आणि खुनी शेवटच्या प्रकरणाआधी सापडत नाही. मधल्या पानांत मालेचा नायक मापारी, म्हणजे वजनमाप खात्यातला एक निवृत्त निरीक्षक, घरोघर चहा पीत हिंडतो आणि अधूनमधून म्हणतो, "कुठंतरी माप कमी पडतंय." एवढ्या भांडवलावर मालेची चाळीसच्या वर पुस्तके निघाली. लेखकाने गावाचे नाव कधी घातले नाही. पण नदीवरचा अरुंद पूल, बंद पडलेली गिरणी आणि बसस्थानकामागची मुतारी यांची वर्णने अशी बिनचूक होती की हे आपलेच गाव, याविषयी तिथल्या वाचकांना तिळमात्र शंका नव्हती. तिथल्या पोलीस ठाण्याने प्रत्यक्षात सायकलचोरीपलीकडे फारसे काही पाहिले नव्हते. त्यामुळेच असेल, आपल्या गल्ल्यांतून इतके बुद्धिमान खुनी वावरतात ही कल्पना लोकांना मोठी सुखावणारी वाटे.

या वाचकांचे म्होरकेपण कवळीवाल्यांकडे होते. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ते कवळ्या बनवत. खिडकीशी घासायचे चाक, टेबलावर मेणाच्या पट्ट्या आणि भिंतीवरच्या फळ्यांवर गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. जबडा पाहिला की माणूस कळतो, असे त्यांचे म्हणणे. एखादा साचा हातात घेऊन ते सांगत, "हा घरात कुणाला बोलू देत नसणार." तो माणूस बायकोपुढे मांजर होतो असे कुणी नजरेस आणून दिले, तर म्हणत, "लपवतोय."

पुस्तके येत ती गल्लीच्या टोकाच्या वाचनालयातून. ते चालवणाऱ्या बाई वाचकांना वैतागल्या होत्या. कुणी आधी शेवटचे पान पाही, कुणी पुढच्याचा विरस व्हावा म्हणून पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुनी लिहून ठेवी. बाईंनी यावर जालीम उपाय काढला. नवे पुस्तक आले की शेवटचे प्रकरण त्या फाडून घेत आणि टाचणीने पुस्तकाच्या नावाची चिठ्ठी लावून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. वाचकाने पुस्तक परत आणायचे, काउंटरवर आपला संशयित सांगायचा, मग बाई डब्यातून प्रकरण काढून देत आणि ते तिथेच उभ्याने वाचायचे. संध्याकाळी काउंटरपुढे निकालाच्या दिवशी असते तशी गर्दी होई.

शेजारच्या दुकानातला चष्मेवाला दर वेळी नेमका एक संशयित सांगे आणि हटकून चुके. कवळीवाले कधीच चुकत नसत. त्यांचे उत्तर साधारण असे असे: "विधवा. पुतण्यालाही मोकळा सोडता येत नाही म्हणा. आणि डॉक्टरांचं वागणं मला पहिल्यापासून खटकतंय." मग प्रकरण वाचून ते मान डोलवत. "म्हटलं नव्हतं?"

पण त्यांची खरी कीर्ती होती खुलाशाची. मालेतल्या पात्रांना नावे नसत. नावावरून एकदा कुणीतरी अब्रुनुकसानीची नोटीस धाडल्यापासून लेखक 'डॉक्टर', 'वकील', 'विधवा', 'पुतण्या' एवढ्यावरच भागवी, आणि ही चौकडी प्रत्येक पुस्तकात हजर असे. शेवटी त्यातल्या एकाला मापारी पकडे. त्यालाच का, हे वाचकांना पुष्कळदा कळत नसे. ते कवळीवाले समजावून देत. 'सातवा किलो' या पुस्तकात शेवटी विधवा खुनी निघाली, तेव्हा लोक चक्रावले होते. कारण चाळिसाव्या पानापासून तिचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि खून गच्चीवर झाला होता.

"प्लास्टर म्हणजे काय ते मला विचारा," कवळीवाले म्हणाले होते. "जन्म गेला माझा प्लास्टरात. कापायचं, गच्चीवर जाऊन यायचं, पुन्हा लावायचं. कोण बघतंय?"

"पण मग शेवटच्या प्रकरणात प्लास्टरचं अवाक्षर कसं नाही?" चष्मेवाल्याने विचारले. त्याने डॉक्टरचे नाव सांगितले होते.

"सगळं सोलून हातात द्यायला तुम्ही काय लहान आहात? लेखकाने वाचकाच्या बुद्धीचा मान ठेवलाय. तुम्ही आधी स्वतःचा नंबर तपासून घ्या."

काउंटर हसला. चष्मेवाला त्यानंतर दोन आठवडे वाचनालयाकडे फिरकला नाही.

अशा माणसाच्या मुलीने लग्नासाठी लिफ्ट दुरुस्त करणारा मुलगा निवडला. ती रुग्णालयात एक्स-रे काढत असे. लिफ्ट अडकली आणि ओळख झाली, इतकी साधी हकिकत. मुलाची बदली दुसऱ्या शहरात होणार होती. तिथे एकट्याची खोली घ्यायची की दोघांचे घर, हे त्याला येत्या सोमवारी कंपनीला कळवायचे होते. मुलीने घरी स्वच्छ सांगितले, "बाबा, तुमचा होकार मला हवाय. भांडून जायचं नाहीये मला."

मुलगा चहाला आला. हात घासून धुतलेले, तरी नखांच्या कडांना ग्रीसची काळी रेघ. कवळीवाल्यांनी त्याचा जबडा पाहिला; त्यावरून काही ठरेना. इकडच्या तिकडच्या गप्पांत मुलगा म्हणाला, "काका, मापारी मालेची सगळी पुस्तकं आहेत माझ्याकडे. ड्यूटीवर बसून राहावं लागतं ना, तेव्हा वाचतो."

कवळीवाले सरसावून बसले. "सगळी?"

"सगळी. काही दोनदा."

"असं. 'सातवा किलो'मध्ये खुनी कोण?"

"डॉक्टर."

कवळीवाल्यांच्या चेहऱ्यावर मापाऱ्याला शोभेल असे मंद हास्य आले.

"नीट आठवा. विधवा नव्हे?"

"नाही हो काका. विधवेचा पाय मोडलेला होता. ती कशी जाईल गच्चीवर?"

"मग 'विहिरीकडची खिडकी'?"

"वकील."

वाचनालयात तो पुतण्या होता. कवळीवाल्यांनी कप खाली ठेवला आणि मुलाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले. मुलगा गेल्यावर त्यांनी निकाल दिला.

"खोटारडा आहे. एकही पुस्तक वाचलेलं नाही, आणि म्हणे दोनदा. जो कादंबरीबद्दल थापा मारतो तो पगाराबद्दल खरं सांगेल?"

"अहो, नसेल आठवत बिचाऱ्याला," बायको म्हणाली. तिने मालेतले एकही पुस्तक उघडले नव्हते. नवऱ्याच्या तोंडून सगळी ऐकली होती आणि तेवढ्याने तिचे भागले होते.

"नसेल आठवत तर गप्प बसावं. हा इतक्या ठामपणे चुकला. सराईत माणूसच असा चुकतो."

"बाबा, एका पुस्तकावरून?" मुलगी म्हणाली.

"दोन. मी पुरावा मोजून घेतो."

मुलीने वाद घातला नाही. हाड मोडले आहे की नाही हे बोलून ठरत नसते, हे तिला नोकरीने शिकवले होते. दुसऱ्या दिवशी तिने मुलाकडून त्याचा 'सातवा किलो' आणला आणि शेवटचे प्रकरण उघडून वडिलांपुढे ठेवला. पाने शिवणीत घट्ट होती. मापारी डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "माप तुमच्या बाजूला कमी पडलंय." कारणेही दिली होती, ती सरळ होती, आणि विधवेचा पाय खरोखरच मोडलेला होता.

कवळीवाल्यांनी पुस्तक उलटसुलट पाहिले, कागद चिमटीत धरला, प्रकाशकाचा पत्ता वाचला.

"बनावट आवृत्ती," ते म्हणाले. "हल्ली फार निघाल्यात. स्वस्तात छापतात आणि शेवट बदलून टाकतात."

"शेवट कशाला बदलतील?"

"कायद्यातून सुटायला."

"चला वाचनालयात," मुलगी म्हणाली.

दुपारची वेळ, काउंटर रिकामा. मुलीने बाईंकडून वाचनालयाचा 'सातवा किलो' घेतला आणि डब्यातले त्याचे प्रकरण मागितले. पान फाडले की शिवणीशी कागदाची एक दातेरी पट्टी उरते. तिने ती पट्टी आणि प्रकरणाची कड खिडकीच्या उजेडात एकमेकींना लावून पाहिली. मोडलेल्या हाडाची टोके ती रोज अशीच पाहत असे.

"हे याचं नाही," ती म्हणाली.

मग तिने डबा पालथा केला. बाई पुस्तके काढून देत गेल्या, ती कडा जुळवत गेली. विधवेचे प्रकरण नीट बसले 'खोट्या मापाचा खून' या पुस्तकात, जिथे विधवा ठणठणीत होती आणि रोज गच्चीवर वाळवण घालत होती. 'सातवा किलो'शी जुळलेल्या प्रकरणात मापारी डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवत होता.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "रंगकामाच्या वेळी डबा पडला होता खरा. तीन वर्षं झाली. सगळ्या चिठ्ठ्या सुटल्या होत्या. आता प्रत्येकाच्या माथ्यावर 'शेवटचे प्रकरण' एवढंच लिहिलेलं, पानांचे आकडेही सगळीकडे तेच, कारण लेखक दर वेळी मोजून तेवढीच पानं लिहितो. मी लावली अंदाजानं. म्हटलं, चुकलं तर लोक येऊन सांगतील."

"कुणीच सांगितलं नाही?"

"एकानंही नाही. उलट कवळीवाले, तुम्हीच नाही का म्हणालात, रंगकाम झालं त्याच पावसाळ्यात? लेखक आता कुठं परिपक्व व्हायला लागलाय म्हणून?"

कवळीवाल्यांना ते आठवत होते. त्या मुद्द्यावर ते अर्धा तास बोलले होते.

ते स्टुलावर बसले. खोट्या प्लास्टरसारखे निदान पंधरा-वीस खुलासे त्यांनी या काउंटरवर उभे राहून केले होते, आणि शेवट जितका विसंगत, तितका त्यांचा खुलासा सुंदर झाला होता. लोक आता पुस्तकापेक्षा खुलाशासाठी येत. त्यांनी आवाज खाली आणला.

"बाई, आहे तसंच राहू दे. लोकांना सवय झालीये."

"छे. मी तर सगळं जागेवर लावणार. मग जो तो सगळी पुस्तकं पुन्हा नेईल." बाईंच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेला उत्साह होता. "पाटीच लावते, 'सुधारित शेवट'."

"चष्मेवाल्यांचे बरेचसे संशयित बरोबर होते की मग," एक प्रकरण चाळत मुलगी म्हणाली.

कवळीवाले स्टुलावरून उठले.

घरी येताना ती वाटेत थांबली. "बाबा, वाचनालयात काय सांगायचं ते तुम्ही आणि बाई बघा. मला त्याच्याशी देणंघेणं नाही. पण रविवारी तो येईल तेव्हा त्याला सांगायचं, की तो खरं बोलत होता. तुम्ही त्याला घरात बसवून खोटारडा ठरवलंत."

"तोंडावर नाही म्हणालो मी."

"नजरेनं म्हणालात. त्याला नीट कळलं."

रविवारपर्यंत कवळीवाल्यांनी तीन खुलासे तयार केले. एकात ती परीक्षा होती: मुलगा दबावाखाली आपल्या शब्दावर टिकतो का, हे त्यांना पाहायचे होते. दुसऱ्यात डॉक्टरवर त्यांचा संशय मुळापासूनच होता. चष्मेवाला या गोष्टीचा साक्षीदार होऊ शकत होता, पण त्याला बोलवण्यात अडचण होती. तिसरा त्यांनी बायकोला ऐकवला.

"छान आहे," ती भाजी निवडत म्हणाली. "पण एवढं लांबवलंत तर चहा दोनदा करावा लागेल."

मुलगा आला आणि खुर्चीच्या टोकावर बसला. कवळीवाल्यांनी घसा साफ केला.

"त्या दिवशी मी जे विचारलं, त्यामागे एक पद्धत होती. मापारीसुद्धा माणसाला आधी चुकीच्या दिशेनं..."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. ती रागावलेली नव्हती. एक्स-रे यायला वेळ असला की ती जशी थांबे, तशीच थांबली होती. कवळीवाल्यांचे वाक्य अर्ध्यावर लटकले. त्यांनी ते पुढे ढकलून पाहिले, मागे ओढून पाहिले. ते कुठेच जाईना.

"तुम्ही खरं सांगत होता," ते म्हणाले. "डॉक्टरच." मग तेवढ्यावर राहवेना म्हणून पुढे जोडले, "आमच्या प्रतीत दोष होता."

"हो, तिनं सांगितलं मला," मुलगा म्हणाला. "काका, मला उद्या कंपनीला कळवायचंय. एकट्याची खोली की दोघांचं घर?"

होकारासाठी त्यांच्याजवळ भक्कम कारणे होती. मुलगा ठाम होता, विसंगती पाहिली की बोलून दाखवत होता, पुस्तके विकत घेऊन शेवटपर्यंत वाचत होता. हे सगळे क्रमाने मांडता आले असते, आणि मांडायला त्यांच्याइतका लायक माणूस त्या गावात दुसरा नव्हता.

"दोघांचं," ते म्हणाले, आणि कुणीतरी 'का' म्हणेल म्हणून थांबले.

मुलीने मुलाकडे पाहिले. बायको कप आणायला आत गेली. तिकडचे घर कितव्या मजल्यावर घ्यावे, आणि तिथली लिफ्ट कशी असेल, यावर दोघांचे बोलणे सुरूही झाले. आपण या निष्कर्षाप्रत कसे आलो, हे कवळीवाल्यांना कुणीच विचारले नाही.