कॅचरची जागा

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. सौंसरला आमच्या शाळेत मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ निघाला, तेव्हा शिकवायला पांढुर्ण्याहून एक गृहस्थ आठ दिवस आले. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. नाव कुणी विचारलंच नाही. कुणाशीही बोलताना ते आधी मान पुरती वळवत.

मी मैदानाच्या टोकाला उभी राहायची. तिथे चेंडू क्वचितच यायचा, म्हणून ती जागा मला आवडायची. तिसऱ्या दिवशी सरांनी मला बॅटवालीच्या मागे बसवलं. “आजपासून तू कॅचर.”

तोंडावर जाळी होती, तरी बॅट फिरली की माझे डोळे गच्च मिटत आणि चेंडू छातीवर आदळे.

शेवटी मी रडवेली होऊन म्हटलं, “सर, मी लय भेऊन राहिली. दुसरीले बसवा.”

ते माझ्यासमोर उकिडवे बसले. “मलेबी भेव लागे. कोणाले सांगतलं नाही, डोळे मिटून खेळत राहिलो. एक दिवस चेंडू डोळ्यावरच बसला. या डोळ्यानं काही दिसत नाही मले.” मग हळूच म्हणाले, “तू सांगतलं, बरं केलं. भे, पण डोळे उघडे ठेवून भे.”

लोधीखेड्याच्या मुलींशी सामना झाला तेव्हा सर परत गेले होते. पहिल्या चेंडूला मी बॅटवालीच्या मागे भीतच बसले होते. पण तो हातमोज्यात येऊन बसेपर्यंत मला त्याची शिवण दिसत होती.