डोक्यावर धरून बघितलेलं ड्रिल

पानशेतच्या बंगल्यांत आम्ही नवराबायको पडद्यांचे रॉड बसवतो. हे मापं घेतात आणि शिडीवर मी चढते, कारण यांना उंचावर चक्कर येते. गावात ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. तिकडची लाईट सारखी जाते, म्हणून बॅटरीवरचं ड्रिल घ्यायला आम्ही भोरला गेलो.

दुकानदाराने सगळ्यात मोठं ड्रिल यांच्या हातात दिलं. "स्लॅबसुद्धा फोडतंय, दादा!" यांना ते लई आवडलं. मला मात्र ते पेललं नसतं, मग शिडीवर दुसरा माणूस घ्यावा लागला असता आणि मी खाली धूळ झाडत बसले असते. पण परक्या माणसापुढं माझं तोंड उघडत नाही.

म्हणून मी ते ड्रिल घेतलं आणि डोक्यावर धरून उभी राहिले. थोड्याच वेळात हात थरथरायला लागला. मग शेजारचं लहान ड्रिल तसंच धरलं. हात जरासुद्धा हलला नाही.

दुकानदार हसला. "वहिनी, तुमी चालवणार व्हय?"

मी खाली बघितलं. यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे एकदा पाहिलं.

"तीच चालवती," हे म्हणाले. "मला शिडीवर चक्कर येती. भिंतीला लहान पुरंल ना?"

"पुरंल की."

"मग तेच द्या, आन् बॅटऱ्या दोन द्या."

दुसऱ्या दिवशी मी भराभर भोकं पाडत सुटले. खालून हे ओरडले, "अगं, दम धर! मापं तर घिऊ दे."