शीव कुठं, ते सांगा

जालन्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळीच ऊन असं तापलं होतं, की दुपारच्या विचारानेच मला घाम फुटला. यायची हौस मुळीच नव्हती. आमच्या विद्यापीठातल्या सीमाप्रदेश अभ्यास केंद्राचा मी प्रमुख. केंद्र म्हणजे दोन खोल्या, नकाशांची कपाटं, एक टंकलेखक आणि मी. निजामाचं राज्य गेलं, करोडगिरीचे नाके (निजामी जकातीची ठाणी) उठले, आणि गेल्या साली मराठवाडा आणि वऱ्हाड एकाच मुंबई राज्यात आले. कुलगुरू म्हणाले, "सीमाच पुसली, आता केंद्र कशाला? काही शिल्लक असेल तर दाखवा, नाहीतर कुलूप लावू." तेव्हा शिल्लक शोधत मी निघालो होतो.

इथल्या एका वकीलमित्राने जीप दिली आणि चालवायला उस्मानमियाँ. बाजारात दोघांनी चहा घेतला, मोसंबी घेतली. देऊळगाव राजाच्या रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, "साब, सरहद देखने जा रहे? वहाँ है क्या? नाका तो कब का उठ गया." मला राग आला, कारण कुलगुरूही हेच म्हणाले होते.

रस्ता धुळीचा. दोन्ही अंगांना नांगरून टाकलेली काळी रानं, मधूनच एखादं लिंबाचं झाड, आणि माणूस म्हणाल तर औषधालाही नाही. उतारावर जीपच्या तोंडातून वाफ यायला लागली आणि भर रस्त्यात ती बसली. वैतागून खाली उतरलो, तो काय! मागे, धुळीच्या लोटात आम्ही न बघताच ओलांडलेल्या लिंबाखाली आरतीची ताटं घेतलेल्या बाया नि फेटेवाले पुरुष. पुढे ओढ्याकाठी बैलगाड्या सोडून बसलेलं वऱ्हाड, बाशिंग बांधलेला नवरदेव त्यातच. दोन्हीकडची वाजंत्री गप्प.

लिंबाखाली मुलीचे वडील किसनराव भेटले. सीमांतपूजन (गावाच्या शिवेवर नवरदेवाचं स्वागत) अडलं होतं. नाका होता तेव्हा पलीकडून येणाऱ्या गाड्या झडतीसाठी लिंबापाशी थांबायच्याच, म्हणून पूजाही तिथेच व्हायची. आता नाका नाही, तर वऱ्हाड ओढ्यावरच थांबलं.

"माझ्या बहिणींचे नवरदेव या लिंबाखालीच पुजले," किसनराव म्हणाले. "आता मी वढ्यापर्यंत चालत जाऊ? बिलकुल न्हाई!"

ओढ्यावर मुलाचे वडील नामदेवराव वऱ्हाडी ठसक्यात म्हणाले, "लिंबापाशी आमी थांबत होतो ते शिपायाच्या धाकानं. आता काहून? शीव वढ्यावर हाये. पोरीच्या बापाले शिवेवर या लागते."

मी खरं तर खूश होतो. नाका उठला तरी सीमा माणसांच्या डोक्यात जागच्या जागी होती. केंद्र वाचवायला याहून चांगला दाखला कुठला? मी लिंबाखाली परतलो आणि टिपणं काढू लागलो. तेवढ्यात किसनरावांची बायको पुढे आली.

"साहेब, पोरगी सकाळपासून हळदीच्या अंगानं बसून राह्यली. गाड्या माघारी गेल्या तर तिला कोण करून घेईल?"

टिपणं काढण्याची मला लाज वाटली. तिकडे नामदेवरावांची माणसं खरोखरच बैल जुंपत होती. इकडे उस्मानमियाँनी 'सरहद के बड़े साब' म्हणून माझा डंका पिटलेला.

"मंग तुम्हीच सांगा," किसनराव म्हणाले. "शीव कुठं?"

नामदेवरावांना बोलावणं गेलं. ते जीपपर्यंत आले. त्यापुढे यायला तयार नाहीत. मग किसनरावही कसेबसे तिथवर आले. मी बोनेटवर नकाशा पसरला. शीव ओढ्यावर होती, आंधळ्यालाही दिसावी अशी. नकाशातल्या केसाएवढ्या चुकीसाठी मी मुलं नापास केलेली आहेत.

"शीव इथं आहे," मी म्हणालो. "ही जीप उभी आहे तिथं."

"नकाशात हाय?" किसनरावांनी विचारलं.

"बरोबर इथंच."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग किसनरावांनी ताटं मागवली, नामदेवरावांनी नवरदेवाला हाक मारली. भटजींना जागा हवी म्हणून सगळ्यांनी मिळून जीप ढकलली, डफडी कडाडली, आणि गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. पंगतीत बुंदी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-डाळींच्या पिठाची, झणझणीत). अक्षरशः नाका-डोळ्यांतून पाणी आलं, तरी दोनदा मागून घेतली.

सकाळी निघताना नामदेवराव जीपपाशी आले.

"साहेब, शीव वढ्यावरच हाये. मले माईत हाये, किसनरावाले बी माईत हाये."

मी चाटच पडलो. "मग माझं ऐकलंत कशाला?"

"आमच्यातल्या कोनी सांगतलं असतं तं एकाची मान खाली गेली असती. तुमी ना इकडचे, ना तिकडचे. म्हून ऐकलं, बाप्पा!"

परतीच्या गाडीत अहवाल लिहायला बसलो. हे लग्न त्यात घातलं तर कदाचित केंद्र वाचेल; पण मग ती शीव मी कुठे दाखवली, तेही लिहावं लागेल. नाही लिहिलं. आता कुलूप लागेल, आणि वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं या केंद्राचा प्रमुख आहे. सीमेवरच्या माणसांच्या उपयोगी पडलो ते एकदाच, आणि तेही चुकीच्या जागी बोट ठेवून.