दादाच्या बाकाचं पॉलिश

लाकडी सामानाला पॉलिश करायचा म्हणून त्याला सगळे पॉलिशवालाच म्हणत; त्याच्या सख्ख्या पुतण्यांनाही काकाचं खरं नाव आठवायला थोडा वेळ लागला असता. माणूस गरीब स्वभावाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण मनात एक डूख धरून बसला होता, आणि तो होता थोरल्या भावावर.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा दादा त्याच रस्त्यावर, चार घरं सोडून राहत होता. एकदाही आला नाही. कधी पाहुणे, कधी पाठदुखी, कधी वहिनीला खोकला. धाकटा रोज आईचे पाय चोळायचा. टर्पेंटाइनमध्ये कापूर विरघळवायचा, वर लवंगेच्या तेलाचे थेंब. औषध आईचंच, तिनेच शिकवलेलं. भिंतींना, उशीला, त्याच्या तोंडातल्या घासालासुद्धा तो वास लागला होता. रस्त्यावर पाऊल वाजलं की आई विचारायची, मोठा आला का? विचारत विचारतच गेली. अंत्यविधीला मात्र दादा सगळ्यांत पुढे, काळ्या कोटात, आणि असा रडला की लोकांनी त्यालाच सावरलं. धाकटा मागे खुर्च्या लावत होता.

त्यानंतर दोघांचं बोलणं हो-नाहीपुरतं उरलं. दादा चर्चच्या कमिटीवर गेला. पहिल्या बाकाचं डावं टोक त्याचंच होऊन बसलं. धाकटा शेवटच्या बाकावरून त्याच्या टकलाकडे बघत प्रार्थना करायचा, आणि त्या प्रार्थनेत जे मागायचा ते पाळकसाहेबांना सांगण्यासारखं नव्हतं.

एका रविवारी पाळकसाहेबांनी प्रभूच्या पायांवर महागडं सुगंधी तेल ओतणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. सगळं घर दरवळून गेलं म्हणे. डोळे मिटता येतात, पण वास श्वासाबरोबर आत शिरतोच, देवाची कृपाही तशीच शिरते, असं ते म्हणाले. मंडळींनी माना डोलावल्या. पॉलिशवाल्याच्या डोक्यात मात्र भलताच किडा वळवळला. कृपा शिरते तर पश्चात्तापही शिरेल की. कुणी शिरवला तर.

पुढे बाक पॉलिशला निघाले तेव्हा त्याने पहिल्या बाकाच्या डाव्या टोकासाठी वेगळा डबा केला. लाकूड घासून उघडं केलं, मेणात आईचं औषध कालवलं आणि चिंधीने जिरवत बसला. जिरवताना त्याला हसू येत होतं. आता बस म्हणावं आईच्या त्या खोलीत, दर रविवारी.

पहिल्याच रविवारी दादाने नाक वर केलं. वहिनीने रुमाल लावला. मग दादा वाकला तो उपदेश संपेपर्यंत वर झालाच नाही. मागे पॉलिशवाला मान लांब करून बघत होता. पुढच्या रविवारी दादा सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

मग एका दुपारी, पॉलिशवाला एका बाकाचा हलणारा पाय ठोकत असताना, दादा एकटाच आला. जागेवर बसला, लाकडावर हात फिरवला, हात नाकाशी नेला. पॉलिशवाला उठून जवळ गेला. आता हा कोसळणार, आणि ते त्याला जवळून बघायचं होतं.

दादाने वर पाहिलं. चेहरा लहान मुलासारखा उजळलेला.

"धाकट्या, तूच केलंस ना हे? अरे, लहानपणी मला धाप लागायची ना, तेव्हा आई हेच छातीला चोळायची, मांडीवर घेऊन. तू व्हायचा होतास तेव्हा. इथे बसलं की तिचा हात लागतो बघ. देव तुझं भलं करो."

पॉलिशवाल्याला आपली चूक उमगली. ज्या खोलीत दादाने पाऊलच टाकलं नाही, तिचा वास त्याला बोचणार कसा? शिक्षा म्हणून त्याने भावाला आईची मांडी दिली होती, तीही आपल्या हाताने, तीन-तीन वेळा चिंधी फिरवून. आणि स्वतःच्या वाट्याला आईच्या खोलीतली तीच वासाची उशी.

"दादा," तो म्हणाला, "आई ह्याच वासात गेली. मी रोज पाय चोळायचो. आणि ती सारखी विचारायची, मोठा आला का."

दादाचा हात लाकडावरून उचलला गेला. त्याने विचारलं, "मग तू काय सांगायचास?"

"येतोय म्हणायचो. मग ती दाराकडे तोंड करून पडायची."

दादा उभा राहिला. हे घासून काढ म्हणाला, पाळकांशी मी बोलतो, दुसरं काहीही लाव.

"नाही काढणार. बस."

थोरल्याला त्याने जन्मात असं फर्मावलं नव्हतं. दादा काही तरी बोलायला गेला, आणि बसला.

पॉलिशवाल्याने हत्यारं पिशवीत भरली. दारातून त्याने वळून पाहिलं. दादा तोंड उघडं ठेवून श्वास घेत होता, नाकाने घ्यायचा टाळत होता, पण मधूनच चुकून घेतला जाई आणि त्याचे खांदे हलत. पॉलिशवाल्याचा जीव थंड झाला. पुरता नाही, पण झाला. देवाला काय तोंड दाखवायचं ते बघू नंतर, असं मनाशी म्हणत तो तिथेच उभा राहिला, अजून थोडं बघायला.