सुतारकाकांनी लावलेलं ओलं लाकूड

सुतारकाकांच्या हातचं दार म्हणजे दार! लावलं की केससुद्धा आत जाणार नाही. चाळीस वर्षं काकांनी या एकाच गोष्टीची फुशारकी मारली. मारेनात का, खरंच होतं ते!

आणि अशा माणसाने शाळेत बोटबोटभर फटी ठेवल्या!

झालं असं. गावात भाषा दोन, नदीकडच्यांची एक, डोंगराकडच्यांची एक. बाजारात दोन्ही चालायच्या, कुणाचं पोट दुखत नव्हतं. पण पहिलीच्या पोरांना कुठल्या भाषेत शिकवायचं यावरून जी ठिणगी पडली, ती पडली. व्याही व्याह्याशी बोलेना. न्हाव्याच्या दुकानात दोन वेगळी बाकडी झाली. शेवटी शाळा समितीच्या अध्यक्षांनी तोडगा काढला. पहिलीच्या वर्गात मधोमध फळ्यांची भिंत घालायची, अलीकडे एक भाषा, पलीकडे दुसरी, आणि इकडची तिकडे बोलायची नाही.

काम आलं काकांकडे, लाकूड समितीचं. काका डोंगराकडचे, सून नदीकडची आणि पहिलीतली नात दोन्ही भाषांत भांडणारी. तिचं नाव आजोबांच्या बाजूला घातलं.

"म्हणजे पोरीने आईची भाषा चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवायची?" काका जेवताना कडाडले. सून खाली मान घालून वाढत राहिली. ते काकांना फार लागलं.

भिंत उभी राहिली. अध्यक्षांनी ठोकून पाहिली, फळीला फळी चिकटलेली. शाबासकी दिली. आणि दोन महिन्यांत फळ्या आकसल्या ना! इकडचं सगळं तिकडे ऐकू जायला लागलं.

"काका, भिंत आहे का खुराडं?" अध्यक्ष तडकले.

"लाकूड ओलं निघालं, सुकताना आकसलं," काका म्हणाले.

झालं! म्हाताऱ्याला ओलं-सुकं कळेना, असा बभ्रा झाला. शेजाऱ्याने नवं दार दुसऱ्या सुताराकडून करून घेतलं. काकू तर कपाळावर हात मारून बसल्या. "अहो, जन्मात कधी ओल्या लाकडाला हात लावला नाहीत, आणि आत्ताच कसा लावलात?" काका आपला रंधा जोरजोरात चालवायचे.

अध्यक्षांनी ठरवलं, सुट्टी लागली की विटांची पक्की भिंत. मंजुरीसाठी शाळा तपासणीच्या बाईंना बोलावलं, आणि माप घ्यायला काकांना. विटा आल्या की संपलंच सगळं.

बाईंनी नदीकडच्या पोरांना गाणं म्हणायला सांगितलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच भिंतीपलीकडून डोंगराकडची पोरंही तेच गाणं बेंबीच्या देठापासून ओरडू लागली! बाई पलीकडे गेल्या आणि मुद्दाम नदीकडच्यांच्या भाषेत हिशेब घातला. पहिला हात अध्यक्षांच्या नातवाचा. त्याने त्याच भाषेत खणखणीत उत्तर दिलं. अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"हे कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं. दोन्ही गुरुजींनी नकारार्थी माना हलवल्या.

काकांची नात उभी राहिली. "कुणी नाही. फटीतून येतं!"

बाई खळखळून हसल्या. "अहो अध्यक्ष, पोरं एका वर्षात दोन भाषा शिकली आणि तुम्ही विटा मागताय? काढा ही भिंत. दोन्ही गुरुजी एकाच वर्गात शिकवतील."

काय गलका झाला म्हणता! काकांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. सकाळपासून बरोबरच होता. लेकीला न्यायला येऊन खिडकीबाहेर उभी असलेली सून रडत होती आणि हसतही होती.

अध्यक्षांनी काकांना बाजूला घेतलं. "खरं सांगा, लाकूड ओलं आहे हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

"चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही सुकं आणलं असतं."

त्याच फळ्या आता खडखडीत सुकल्या होत्या. काकांनी त्यांचं कपाट केलं, दोन्ही भाषांच्या पुस्तकांसाठी. सगळं गाव बघायला आलं, तो शेजारीही. काकांनी दार लावलं आणि ऐटीत हात पुढे केला. "अध्यक्ष, एक केस द्या पाहू."

अध्यक्षांनी टकलावरून हात फिरवला. गाव हसून लोटपोट. शेवटी नातीनेच स्वतःचा एक केस उपटून दिला.

काकांनी तो फटीला लावून पाहिला. अध्यक्षांनी पाहिला, शेजाऱ्याने पाहिला, शेवटी काकूंनीही पाहिला.

केस काही आत गेला नाही.